हातावरची टेस्ट नॉर्मल, तरी संध्याकाळी पापणी पडतेच: आरएनएस की सिंगल फायबर?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आई ६१ वर्षांच्या, राहायला इथे इंदुरातच. चार महिन्यांपासून संध्याकाळ झाली की उजवी पापणी खाली येते आणि रात्री टीव्ही बघताना एकाचे दोन दिसतात. सकाळी उठल्यावर जवळजवळ काहीच नसतं. दहा वर्षांपासून मधुमेह आहे. मेंदूचा एमआरआय नॉर्मल. मायस्थेनिया ग्रेव्हिसचा, म्हणजे वापरता वापरता स्नायू थकण्याच्या आजाराचा, संशय म्हणून रक्तातली अँटिबॉडी तपासली, ती निगेटिव्ह आली. हाताच्या नसेला पुन्हापुन्हा झटके देऊन स्नायूचं उत्तर मोजायची टेस्ट, आरएनएस, केली, तीही नॉर्मल. आता दुसऱ्या डॉक्टरांनी सिंगल फायबर ईएमजी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून एकेका तंतूचा विजेचा संकेत टिपायची टेस्ट, सांगितली आहे. तुम्ही विचारताय, की या दोन टेस्टमधली चांगली कोणती, आणि पहिली नॉर्मल आलेली असताना आईला पुन्हा सुया टोचून घ्यायला लावायच्या का.

मी इंदुरात बावीस वर्षं न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करते आहे आणि या दोन्ही टेस्ट स्वतः करते. तुमच्या आईंच्या बाबतीत आधी विचारायला हवं, की टेस्ट कुठल्या स्नायूवर झाली. थकते ती पापणी. हात थकत नाही. पोळ्या लाटताना, केस विंचरताना काही त्रास नाही असं तुम्हीच लिहिलंय. आणि तपासला गेला तो करंगळीच्या बाजूचा तळहाताचा स्नायू. तो ठणठणीत होता, तसाच निघाला. पापणीबद्दल त्या रिपोर्टनं काहीच सांगितलेलं नाही. तुमच्या घरात मात्र तो 'मायस्थेनिया नाही' असा वाचला गेलाय, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

मी आईंना पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांना हा आजार आहेच असं मी म्हणत नाही. पण सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट, विश्रांती घेतली की पुन्हा बरं, हा धागा एका नॉर्मल कागदासाठी सोडून देण्यासारखा नाही.

दोन टेस्टमधला फरक कळायला आजार कुठे बसतो ते आधी बघू. मायस्थेनियात नस चांगली असते, स्नायूही चांगला असतो; बिघाड असतो दोघांच्या मधल्या जोडावर. नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, समोर स्नायूवरच्या रिसेप्टरना जाऊन भिडतं आणि तो तंतू आखडतो. निरोगी माणसात हे रसायन गरजेपेक्षा बरंच जास्त सुटतं, म्हणून थोडं कमी पडलं तरी निरोप पोचतोच. मायस्थेनियात शरीराच्याच अँटिबॉडी त्या रिसेप्टरवर उठतात. मग गाठीला शिल्लक राहत नाही. पहिले काही निरोप पोचतात, पुढे एकेक तंतू उशिरा उत्तर द्यायला लागतो आणि शेवटी देईनासा होतो.

'उशिरा' आणि 'देईनासा' हे दोन शब्द लक्षात ठेवा. शाळेतल्या हजेरीचं उदाहरण घ्या. बाईंनी हाक दिली आणि सगळ्या वर्गानं एकदम 'हजर' म्हटलं. तुम्ही व्हरांड्यात उभं राहून आवाज ऐकताय. चार मुलं पाव सेकंद मागेपुढे झाली तर बाहेर काहीच कळणार नाही. दहा मुलं गप्प बसली, तरच आवाज उतरला हे कळेल. आरएनएस म्हणजे हे व्हरांड्यातलं ऐकणं. सिंगल फायबरमध्ये आपण वर्गात जाऊन शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या मध्ये कान ठेवतो. तिथे थोडासा उशीरही लपत नाही. आजारात उशीर आधी येतो आणि गैरहजेरी नंतर, म्हणून दुसरी टेस्ट लवकर पकडते. बाकीचं सगळं तंत्र याच एका गोष्टीभोवती आहे.

आता आरएनएस नीट बघू, कारण ती तुमच्याकडे झाली आहे आणि माझ्या मते ती पुन्हा व्हायला हवी. हिची कल्पना जुनी आहे. १८९५ मध्ये बर्लिनच्या फ्रीड्रिश योली यांनी या रुग्णांच्या स्नायूला पुन्हापुन्हा विजेचे झटके दिले तर तो थकत जातो हे दाखवलं होतं. आज नसेला सेकंदाला २ ते ३ या वेगानं ओळीनं ६ ते १० झटके देतात आणि स्नायूवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडनं प्रत्येक झटक्याचं उत्तर मोजतात. वेग मुद्दाम हळू ठेवलेला असतो. झटके भराभर दिले तर नसेच्या टोकात कॅल्शियम साठतं, रसायन उलट जास्त सुटतं आणि दोष झाकला जातो. फारच हळू दिले तर टोकाला पुन्हा भरून घ्यायला वेळ मिळतो. पहिल्या उत्तराच्या तुलनेत चौथं किंवा पाचवं उत्तर १० टक्क्यांहून जास्त उतरलं तर टेस्ट पॉझिटिव्ह धरतात. मी नुसता आकडा बघत नाही, आलेखाचा आकार बघते. मायस्थेनियात उत्तरं दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत उतरतात आणि मग किंचित वर येतात, होडीच्या तळासारखी. एकदम खाली, मग वर, पुन्हा खाली असा वेडावाकडा आलेख आला तर इलेक्ट्रोड हलला किंवा रुग्णानं अंग आखडलं असं समजून मी तो टाकून देते.

एवढ्यावर टेस्ट संपत नाही. त्यानंतर रुग्णाला तोच स्नायू १ मिनिट जोर लावून आवळायला सांगायचा आणि पुढची चार-पाच मिनिटं दर मिनिटाला तेच झटके द्यायचे. कित्येकांचा दोष या दुसऱ्या भागातच उघडा पडतो, साधारण दोन ते चार मिनिटांच्या दरम्यान. तुमच्या रिपोर्टवर व्यायामानंतरचे आकडे आहेत का ते बघा. नसतील तर टेस्ट अर्धीच झाली आहे.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत जानेवारीत एक बाई देवासहून पहाटेच्या बसनं आल्या. निवृत्त शिक्षिका, भजनी मंडळात गाणाऱ्या. तक्रार अशी, की गणपतीत पहिली आरती खणखणीत म्हणतात, पण शेवटच्या आरतीपर्यंत आवाज नाकातून यायला लागतो. मी हातावर आरएनएस केली. उतार ४ टक्के. 'नॉर्मल' लिहून मी सही केली. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा पाणी पिताना नाकातून येत होतं. तोवर मी त्यांचा पहिला कागद पुन्हा वाचला होता. तळहाताचं तापमान मी लिहिलंच नव्हतं. मला आठवत होतं ते एवढंच, की जेल लावताना त्यांचा हात बर्फासारखा लागला होता. या वेळी खोली गरम केली, हात गरम पाण्यात धरायला लावला, टॉवेलनं कोरडा केला, आणि हाताबरोबर मानेच्या मागचा ट्रॅपिझियस आणि चेहऱ्याचा स्नायूही तपासला. ट्रॅपिझियसमध्ये चौथं उत्तर २८ टक्क्यांनी उतरलं. बाई औषधांनी सावरल्या, पण ते तीन आठवडे माझ्या निष्काळजीपणाचे होते.

थंडीत या जोडाचं काम सुधारतं, आणि म्हणूनच थंड हातावर आजार लपतो. तेव्हापासून त्वचेचं तापमान ३२ अंशांच्या खाली असेल तर मी झटका देत नाही. पापणीवर बर्फाची पिशवी ठेवून करायची तपासणी याच तत्त्वावर चालते: मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं बर्फ, आणि लगेच पापणी किती वर आली ते मोजायचं. २ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उचलली गेली तर संशय बळावतो. ही साधी गोष्ट आईंच्या बाबतीत कोणी केलेली दिसत नाही. डॉक्टरांकडे संध्याकाळची, पापणी पडलेली असतानाची वेळ घेऊन ती करून घ्या.

म्हणजे आरएनएस नॉर्मल येण्याची कारणं आजार नसण्यापलीकडेही बरीच आहेत. स्नायू चुकीचा असतो, हात थंड असतो, किंवा मायस्थेनियासाठी देतात ती पायरिडोस्टिग्मिनची गोळी पोटात असते. आणि सगळं बरोबर केलं तरी ज्यांचा आजार फक्त डोळ्यांपुरता आहे त्यांच्यात ही टेस्ट निम्म्याहून कमी वेळा पॉझिटिव्ह येते. आजार अंगभर असेल तर ती साधारण चारपैकी तिघांत पकडते. अँटिबॉडीचंही तसंच आहे: अंगभर आजारात सुमारे ८५ टक्क्यांत सापडते, फक्त डोळ्यांच्या आजारात निम्म्यांतच. आईंचे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल असणं आणि त्यांना डोळ्यांचा मायस्थेनिया असणं, या दोन गोष्टी सहज एकत्र राहू शकतात.

आता सिंगल फायबर. १९६०च्या दशकात स्वीडनमधल्या उप्सालात एकस्टेड आणि स्टॉलबर्ग यांनी ही पद्धत घडवली. मूळ सुईच्या बाजूला २५ मायक्रॉन व्यासाचा बारीकसा बिंदू असतो, आणि तो एकाच नसतंतूनं चालणाऱ्या दोन स्नायुतंतूंच्या शेजारी नेऊन ठेवायचा असतो. हल्ली बरेच जण सर्वांत बारीक साधी सुई वापरून हेच काम करतात, मीही करते. मात्र तिच्यासाठी नॉर्मलच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि रिपोर्टवर सुई कोणती ते लिहिलेलं असावं. पडद्यावर दोन टोकदार शिखरं दिसतात. पहिलं स्थिर धरलं की दुसरं किती मागेपुढे होतं ते मोजायचं. त्याला जिटर म्हणतात. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या वीस-तीस भागांएवढं हलणं निरोगी माणसातही असतं. ते १००च्या आसपास गेलं की दुसरं शिखर मधूनमधून गायबच व्हायला लागतं. स्पीकरवर ते ऐकूही येतं. एकसारख्या टकटकीत मध्येच एक ठोका गळतो. असे २० जोड गोळा करायचे. त्यातले दोनपेक्षा जास्त मर्यादेबाहेर असले किंवा सगळ्यांची सरासरी बाहेर असली तर टेस्ट पॉझिटिव्ह. याला तासभर लागतो आणि तो तासभर रुग्णानं भुवई हलकीशी उचलून धरायची असते.

डोळ्यांच्या मायस्थेनियात कपाळाचा किंवा डोळ्याभोवतीचा स्नायू तपासला तर ही टेस्ट दहापैकी जवळपास नऊ जणांत आजार दाखवते. पण तिची खरी किंमत नॉर्मल येण्यात आहे. पापणी पडलेली दिसते आहे त्याच दिवशी चेहऱ्याच्या, नक्की कमजोर असलेल्या स्नायूत जिटर नॉर्मल आलं, तर मायस्थेनियाचा संशय मी जवळजवळ सोडून देते आणि दुसरीकडे बघते. वयानं सैल झालेली, पापणी उचलणाऱ्या स्नायूची दोरी, थायरॉइडमुळे होणारा डोळ्याचा आजार, स्नायूंचे काही आनुवंशिक आजार, असं बरंच काही असतं.

उलट बाजूही सांगायला हवी. जिटर वाढलं म्हणजे मायस्थेनियाच, असं नाही. नसांच्या आजारात, स्नायूंच्या काही आजारांत, मोटर न्यूरॉन आजारात ते वाढतं. सुरकुत्यांसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं घेतली असतील तर पुढे कित्येक महिने वाढलेलं असतं. हे रुग्ण आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. आईंचा दहा वर्षांचा मधुमेह इथे महत्त्वाचा आहे. हातापायांच्या नसा मधुमेहानं थोड्या खराब झाल्या असतील तर हाताच्या स्नायूतलं वाढलेलं जिटर मी मायस्थेनियाच्या खात्यात टाकणार नाही. म्हणून त्यांच्यात टेस्ट चेहऱ्यावरच व्हावी, आणि सोबत साधी नसांची तपासणी व साधी ईएमजी असावी. मधुमेहात डोळा फिरवणारी एखादी नसही अचानक बंद पडते आणि पापणी पडते, पण ती सकाळ-संध्याकाळ बदलत नाही, म्हणून आईंच्या बाबतीत तो विचार मी मागे ठेवेन.

आरएनएस पॉझिटिव्ह आली, आकार बरोबर असला, तर तिच्यावर विश्वास ठेवायला सोपं जातं. सिंगल फायबर पॉझिटिव्ह आली तर ती करणाऱ्याचा हात किती बसलेला आहे हे विचारावं लागतं. महिन्यातून एकदा ही टेस्ट करणाऱ्यापेक्षा रोज आरएनएस चोख करणारा माणूस मला चालेल.

तुमच्या आई माझ्याकडे आल्या असत्या तर मी हा क्रम धरला असता. दुपारी चारनंतरची वेळ. आधी बर्फाची तपासणी, आणि वर बघत एक मिनिट नजर धरून ठेवायला लावणं. मग आरएनएस पुन्हा, या वेळी चेहऱ्यावर आणि ट्रॅपिझियसवर, व्यायामासकट. इथे स्पष्ट उतार मिळाला तर सिंगल फायबरची गरजच उरत नाही. नाही मिळाला, तर त्याच बैठकीत किंवा दुसऱ्या दिवशी चेहऱ्याची सिंगल फायबर. ही टेस्ट नेमानं करणारा इंदुरात मिळाला तर उत्तम. नाही तर पुण्या-मुंबईचं तिकीट आरएनएस नीट झाल्यावर काढा, आधी नको. निगेटिव्ह आलेली अँटिबॉडी अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरची असेल, तर मस्क नावाची दुसरी अँटिबॉडी तपासायची का हेही डॉक्टरांना विचारा. निव्वळ डोळ्यांच्या आजारात ती क्वचितच सापडते, पण गिळण्या-बोलण्याचा त्रास असेल तर मी ती नक्की पाठवते.

एवढा खटाटोप कशाला, गोळी देऊन बघता येत नाही का, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. पायरिडोस्टिग्मिन देऊन बघता येतं, आणि कधीकधी मी देतेही. पण दुहेरी दिसणं त्या गोळीनं अनेकदा पूर्ण जात नाही. मग गाडी स्टेरॉइडवर येते, आणि आईंना मधुमेह आहे. साखर चढवणारं औषध महिनोन् महिने द्यायचं तर आजाराची खात्री हवी. दुसरं कारण छातीतलं: मायस्थेनियाच्या १० ते १५ टक्के रुग्णांत थायमस ग्रंथीची गाठ सापडते, म्हणून निदान झालं की छातीचा सीटी स्कॅन करावाच लागतो. तिसरं, डोळ्यांपुरता वाटणारा आजार बऱ्याच जणांत पहिल्या दोन वर्षांत अंगभर पसरतो. त्या काळात लक्ष ठेवायचं तर कशावर ठेवतोय हे माहीत हवं.

आणि यातलं काहीही होण्याआधी आईंना गिळताना ठसका लागायला लागला, बोलता बोलता आवाज नाकात गेला, मान धरवेना किंवा आडवं पडल्यावर श्वास पुरेना, तर टेस्टची वाट बघायची नाही. थेट व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी औषध घेताना 'मायस्थेनियाचा संशय आहे' हे आधी सांगायचं. काही अँटिबायोटिक्स, बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठी देतात ती औषधं) आणि शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम यांनी हा आजार एकदम उसळू शकतो.

टेस्टच्या दिवशीचं थोडं. पायरिडोस्टिग्मिन चालू असेल तर ती साधारण १२ तास आधी बंद ठेवतात, पण हे डॉक्टरांनी सांगितलं तरच. गिळण्याचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्याची गोळी मी थांबवत नाही. रक्त पातळ करणारं औषध किंवा पेसमेकर असेल तर आधी कळवा. चेहऱ्याला क्रीम, पावडर नको. मोबाइलवर सकाळी सातचा आणि संध्याकाळी सातचा असे आठवडाभर आईंचे फोटो काढा, एकाच खिडकीसमोर, एकाच अंतरावरून. पुष्कळदा ते फोटो मला रिपोर्टपेक्षा जास्त सांगतात.

आई घाबरल्या आहेत, सुई डोळ्यात घालतात असं कोणी तरी त्यांना सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, डोळ्यात काही जात नाही. सुई भुवईच्या वर कपाळात किंवा डोळ्याच्या बाहेरच्या कडेला कातडीखाली जाते, इंजेक्शनच्या सुईपेक्षा बारीक असते आणि तिच्यातून औषध सोडत नाहीत. आरएनएसचा झटका टिचकी मारल्यासारखा लागतो, चेहऱ्यावर जरा जास्त झोंबतो. तुम्ही आत त्यांच्या शेजारी बसू शकता का ते आधीच विचारून ठेवा. मी नातेवाइकांना बसू देते. मुलाचा किंवा मुलीचा हात हातात असला की भुवई तासभर उचलून धरणं सोपं जातं.